तिसरं पाकीट

वरुणने स्टुलावर उभं राहून कपाटावरचा चौरंग खाली ओढला, तेव्हा त्याच्यासोबत मूठभर धूळ, एक तुटका हँगर आणि वाळून पिवळी पडलेली गव्हाची चार पाती खाली आली.

"सावकाश," सुलेखाताई म्हणाल्या. "चौरंग आहे तो, सूटकेस नव्हे."

"आई, सहा चाळीस झालेत. सातला मधूची साक्ष आहे."

"मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आहे. लक्ष्मीला काय सांगू, साक्ष संपल्यावर ये?"

मधुवंती डायनिंग टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. पायात घरच्या चपला, अंगात ऑफिसचा शर्ट आणि केस नुसते वरवर विंचरलेले, कारण कॅमेऱ्यात तेवढेच दिसणार होते. समोरच्या कागदावर एकच वाक्य होतं आणि ती ते गेली दहा मिनिटं हलक्या आवाजात म्हणत होती. मला मतपत्रिका मिळाली नाही. मला मतपत्रिका मिळाली नाही. इंग्रजीत ते आणखी छोटं होतं, पण प्रत्येक वेळी शेवटच्या शब्दावर तिचा आवाज वर चढायचा आणि वाक्याचा प्रश्न व्हायचा.

"विचारतील तेवढंच सांग," वरुण स्टुलावरून म्हणाला. तो सिंगापूरच्या पूर्व टोकाला, चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत सॉफ्टवेअर तपासायचा. आज बायकोला आधार द्यायला हवा म्हणून त्याने उशिरा येतो असं कळवलं होतं, आणि पश्चिमेकडच्या चोआ चू कांगमधल्या घरून तिथवर जायला एरवीच सव्वा तास लागत असल्यामुळे तिकडे कोणाला फारसा फरक पडला नव्हता.

प्रकरण तसं लहान होतं. मधुवंती जन्माने अमेरिकन. तिचे वडील दीनानाथ उकिडवे चाळीस वर्षांपूर्वी लार्चफील्ड नावाच्या काउंटीत पाणीपुरवठा खात्यात इंजिनियर म्हणून गेले आणि तिथेच राहिले. त्या काउंटीत माणसांपेक्षा गाई जास्त आहेत, असं ते अभिमानाने सांगायचे. बायको गेल्यावर आणि मुलगी लग्न करून सिंगापूरला आल्यावर, सदुसष्टाव्या वर्षी, ते काउंटीच्या ग्रंथालय मंडळाच्या निवडणुकीला उभे राहिले. जाहीरनामा एका ओळीचा होता: रविवारी ग्रंथालय उघडं ठेवायचं. पंचवीस घरांपुढच्या हिरवळीवर त्यांच्या नावाच्या पाट्या लागल्या. त्यातल्या सहा पाट्यांवर आडनाव बरोबर होतं.

आठ नोव्हेंबरला ते एका मताने पडले. चारशे बारा विरुद्ध चारशे अकरा. निवडून आले डॉक्टर प्रेंटिस, दातांचे डॉक्टर. लहानपणी मधुवंतीच्या दातांना तारा त्यांनीच बसवल्या होत्या.

आणि मधुवंतीचं मत पोचलं नव्हतं, कारण तिची मतपत्रिकाच आली नव्हती.

कायदा सरळ होता. परदेशातल्या आणि सैन्यातल्या मतदारांची मतपत्रिका मतदानाच्या पंचेचाळीस दिवस आधी टपालात पडली पाहिजे. म्हणजे चोवीस सप्टेंबरपर्यंत. लार्चफील्डचे असे मतदार तीन. दोघे सैनिक. त्यांतला एक कुठल्याशा समुद्रात जहाजावर होता, तरी त्याला मिळाली. जावक वहीत नोंदी मात्र दोनच होत्या. दीनानाथांनी राज्याकडे तक्रार केली, राज्याने काउंटीला जाब विचारला, काउंटीने चौकशी नेमली, आणि आज तिकडच्या बुधवारी संध्याकाळी, म्हणजे इकडच्या गुरुवारी सकाळी सातला, उघड सुनावणी होती.

मधुवंतीला सुनावणीची भीती नव्हती. भीती दुसरीच होती. जूनमध्ये फोनवर ती सहज म्हणून गेली होती, "बाबा, तुम्ही कशाला उभे राहताय? डॉक्टर प्रेंटिस चांगलेच आहेत की." त्यानंतर आठवडाभर बाबांचा फोन आला नाही. मग आला, हवापाण्याचा. निकालानंतर त्यांनी एकदा विचारलं, "आलंच नाही ना गं पाकीट?" ती म्हणाली, नाही. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, "नक्की ना?" आवाजात राग असता तर तिला चाललं असतं. राग नव्हता. पाण्याचा मीटर वाचणारा माणूस आकडा पुन्हा एकदा पाहून घेतो, तसं ते विचारणं होतं.

"हे काय चिकटलंय?" सुलेखाताई म्हणाल्या.

त्यांनी चौरंगाभोवती गुंडाळलेलं लाल कापड सोडून झटकलं होतं. कापडाच्या आतल्या बाजूला एक लांबट पांढरं पाकीट मातीने आणि ओलीने घट्ट बसलं होतं. त्यावर परडीच्या बुडाचं तपकिरी वर्तुळ उमटलं होतं. वरच्या कोपऱ्यात हळदीचं एक बोट आणि कुंकवाचं एक बोट.

"अगोबाई, हे अजून इथेच?" त्या म्हणाल्या. "हे दिलं नाहीस होय रे वरुण तिला?"

वरुण स्टुलावरून उतरला. मधुवंती खुर्चीतून उठली. पाकिटावर तिचं नाव होतं, ब्लॉकचा नंबर होता आणि मोठ्या निळ्या अक्षरांत इंग्रजीत छापलं होतं: शासकीय निवडणूक टपाल.

खाली बस थांब्यावर बस थांबली आणि निघून गेली.

"आई," मधुवंती म्हणाली, "हे कधी आलं?"

"सर्वपित्रीला. खाली लेटरबॉक्समध्ये होतं, घरं विकायच्या जाहिरातींत. मी म्हटलं, अमावास्येच्या दिवशी सरकारी पाकीट कशाला उघडायचं? दुसऱ्या दिवशी घटस्थापनाच होती. मग कापडाखाली ठेवलं, देवीच्या पायाशी. वरुणच्या पीआरचे, इथे कायम राहायच्या परवानगीचे कागद असेच ठेवले होते. आला की नाही पीआर?"

"आला," वरुण म्हणाला, आणि लगेच त्याला वाटलं की आपण हे बोलायला नको होतं.

"एकदा घट बसला की नऊ दिवस हलवता येतो का? तूच सांग. दसऱ्याला काढून तुला देणार होते. पण दसऱ्याला माझं पुण्याचं विमान. वरुणला म्हटलं, घट नीट उठव, आणि खाली मधुवंतीचा कागद आहे तो दे."

मधुवंतीने नवऱ्याकडे पाहिलं.

"मला ऐकू आलं, 'घट नीट उठव,'" वरुण म्हणाला. "टॅक्सी खाली हॉर्न देत होती. मी माती कुंडीत टाकली आणि बाकी सगळं होतं तसं गुंडाळून वर ठेवलं. नीटच ठेवलं."

"मला वाटलं दिलं असेल," सुलेखाताई म्हणाल्या. रविवारीच त्या पुण्याहून परत आल्या होत्या. व्याह्यांची कसलीतरी केस चालू आहे एवढं त्यांना माहीत होतं. "काय होतं त्यात एवढं?"

मधुवंतीने पाकीट उजेडात धरलं. तिकिटाच्या जागी गोल शिक्का होता, हाताने मारलेला, थोडा तिरका. तेवीस सप्टेंबर. एक दिवस आधी.

"म्हणजे त्यांनी वेळेवर पाठवलं होतं," ती म्हणाली.

सहा बावन्न झाले होते.

वरुणने पाण्याचा ग्लास भरला आणि स्वतःच प्यायला. "हे बघ, ते काय विचारणार? मतदानाच्या दिवसापर्यंत मतपत्रिका मिळाली का. नाही मिळाली. आठ तारखेला तुझ्या हातात होती? नव्हती. कपाटावर होती. टेक्निकली एक शब्द खोटा नाही."

"आणि हॅलोरनबाईंचं काय?"

मिसेस हॅलोरन काउंटीच्या निवडणूक कार्यालयात एकतीस वर्षं होत्या. सुरुवातीपासून त्या एकच गोष्ट सांगत होत्या: तिसरं पाकीट मी स्वतः घरी जाताना पोस्टात दिलं, टपालाची पिशवी निघून गेली होती म्हणून. वहीत लिहायचं राहिलं. त्यांच्यावर कोणाचा विश्वास बसला नव्हता. मधुवंतीचाही नाही.

"दाखवलं तर बाबांना काय वाटेल?" ती म्हणाली. "मी जूनमध्ये काय बोलले ते त्यांच्या डोक्यात आहे. आता मी घरातूनच पाकीट काढून दाखवणार. न उघडलेलं. दोन महिने घरात असलेलं."

"मी सांगते ना व्याह्यांना," सुलेखाताई म्हणाल्या. "माझ्या हातून झालं. द्या फोन."

"आई, तिथे वकील बसलेत."

"असू देत. वकिलांच्या घरी घट बसत नाहीत?"

लॅपटॉप वाजायला लागला.

पडद्यावर आधी छत दिसलं, मग कोणीतरी कॅमेरा खाली वळवला आणि एक लांब टेबल आलं. मध्ये अध्यक्ष मिस्टर ब्रँट, ज्यांचं गुरांच्या खाद्याचं दुकान होतं. त्यांच्या बाजूला काउंटीचा तरुण वकील. टेबलाच्या पार कडेला, अर्ध्या चौकटीबाहेर, मिसेस हॅलोरन, कोट अंगातून न काढता. समोरच्या खुर्च्यांत सात माणसं आणि त्यांत पहिल्या रांगेत बाबा. तिच्या लग्नात घातलेला ब्लेझर त्यांनी घातला होता, मांडीवर फाइल होती.

"सिंगापूरला सकाळ झाली का?" अध्यक्षांनी विचारलं.

"झाली," मधुवंती म्हणाली. पाकीट तिने मांडीवर पालथं ठेवलं होतं. मागे सुलेखाताई आवाज न करता चौरंगावर तांदूळ पसरत होत्या. थांबणं त्यांना शक्य नव्हतं, मुहूर्त होता.

तिला वाटलं होतं आधी प्रश्न विचारतील. पण वकील उभा राहिला. त्याने निवेदन वाचायला घेतलं, आणि ते ऐकताना मधुवंतीला एक शब्द कळत होता आणि पुढच्या शब्दाने तो पुसला जात होता.

अंतर्गत चौकशी पूर्ण झाली आहे. तिसरी मतपत्रिका टपालात टाकलीच गेली नाही, असं काउंटीला अत्यंत खेदाने आढळून आलं आहे. काउंटी संपूर्ण जबाबदारी स्वीकारते. संबंधित कर्मचाऱ्याने मुदतीपूर्वी निवृत्ती पत्करली आहे. भरपाई म्हणून मतदार मिस मधुवंती उकिडवे यांना आजच नवीन मतपत्रिका पाठवली जाईल आणि त्यांचं मत मोजलं जाईल. त्यामुळे समसमान मतं झाल्यास, नियमाप्रमाणे, नाणं उडवण्यात येईल.

समोरच्या सातांपैकी चौघांनी टाळ्या वाजवल्या. सरकारने चूक कबूल केल्याचा प्रसंग लार्चफील्डमध्ये याआधी कोणी पाहिला नव्हता. बाबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. फाइलवर हात ठेवून ते पडद्याकडे पाहत होते.

मिसेस हॅलोरन स्वतःच्या हातमोज्यांकडे पाहत होत्या.

"आता साक्षीची तशी गरज नाही," अध्यक्ष म्हणाले, "पण इतक्या पहाटे उठलाच आहात तर, मिस उकिडवे, तुम्हाला काही सांगायचंय?"

वरुणने कॅमेऱ्याबाहेरून मान हलवली, आडवी. मग त्याचं त्यालाच नक्की होईना म्हणून उभीही हलवली.

मधुवंतीने पाकीट उचलून कॅमेऱ्यापुढे धरलं.

"मला ते मिळालं," ती म्हणाली. "आत्ता. वीस मिनिटांपूर्वी. घरातच होतं. शिक्का तेवीस सप्टेंबरचा आहे."

तिकडे वकिलाने निवेदनाचं पान उलटून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं.

"मॅडम," तो म्हणाला, "हे पाकीट पाठवलेलं नाही."

"माझ्या हातात आहे."

"चौकशीत ते पाठवलेलं नाही असं सिद्ध झालंय. अहवाल काल राज्याकडे गेला."

"मग त्यांच्या हातात काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"त्यावर काउंटी काही मत देऊ शकत नाही."

टेबलाच्या कडेने मिसेस हॅलोरन उठून कॅमेऱ्यापाशी आल्या. इतक्या जवळ, की पडदाभर त्यांचा चष्माच दिसायला लागला. "जरा वर धर बाळ," त्या म्हणाल्या. मधुवंतीने धरलं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. "तिरका आहे," मग म्हणाल्या. "पोस्टातला लॅरी नेहमी तिरकाच मारतो." आणि जागेवर जाऊन त्यांनी कोटाची बटणं काढली.

"मधू," बाबा मराठीत म्हणाले.

सगळ्या खोलीने त्यांच्याकडे पाहिलं.

ती वाट पाहत होती. पाकीट धरलेला हात दुखायला लागला होता, तरी तिने तो खाली घेतला नाही.

"कोपऱ्यात काय लागलंय गं त्याला?"

"हळदकुंकू," ती म्हणाली.

बाबा उठले. आता ते कॅमेऱ्याजवळ आले, चष्मा कपाळावर सारून. "आणि ते गोल?"

"परडीचं. घटाखाली होतं, बाबा. आईंनी ठेवलं, मला माहीत नव्हतं. मला आत्ता कळलं. मी ते..."

"कोणत्या तिथीला आलं?"

"सर्वपित्रीला," सुलेखाताई मागून मोठ्याने म्हणाल्या. त्यांच्या हातात कलश होता. "दीनानाथराव, चूक माझी आहे. पोरीला काही बोलू नका. तुमच्या वकिलांनाही सांगा."

"मिस्टर उकिडवे," अध्यक्ष म्हणाले, "हे कामकाजाचा भाग आहे का?"

"घरगुती आहे," बाबा इंग्रजीत म्हणाले. मग पुन्हा पडद्याकडे वळले. "तुझ्या आईने माझा सिटिझनशिपचा अर्ज असाच ठेवला होता. चौऱ्याण्णव साली. मी घरभर शोधला, ऑफिसात शोधला, पोस्टात जाऊन भांडलो. दसऱ्याला सापडला. तोवर फी वाढली होती." ते थांबले. "तीही कुंकू कोपऱ्यातच लावायची. नावावर नको म्हणायची, वाचता आलं पाहिजे."

पडद्यावर त्यांच्या ब्लेझरचं एक बटण स्पष्ट दिसत होतं, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावलेलं. मग ते वळले.

"मी तक्रार मागे घेतो," ते म्हणाले. "काउंटीने पाकीट वेळेवर पाठवलं होतं. मी एका मताने हरलो, ते बरोबर मोजलंय. डॉक्टर प्रेंटिसना माझ्या शुभेच्छा सांगा. आणि या बाईंची निवृत्ती रद्द करा."

"तसं करता येणार नाही," वकील म्हणाला. तो खरोखरच दुःखी दिसत होता. "तक्रार तुमची असली तरी चूक आता काउंटीची आहे. ती मागे घेण्याची तरतूद आम्हाला बघावी लागेल."

"म्हणजे चूक केली नाही हे कबूल करायला किती वेळ लागेल?"

"चूक केल्याचं कबूल करायला तीन आठवडे लागले," वकील म्हणाला. "हे त्यापेक्षा अवघड आहे."

अध्यक्षांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि काउंटी निर्दोष असू शकते का, यावर विचार करण्यासाठी सुनावणी पुढच्या बुधवारपर्यंत तहकूब केली.

माणसं उठली. खुर्च्या सरकल्याचे आवाज सिंगापूरला जरा उशिरा पोचत होते, त्यामुळे माणसं गेली तरी खुर्च्या थोडा वेळ सरकत राहिल्या. मिसेस हॅलोरन जाताना कॅमेऱ्यापाशी थांबल्या. त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यावरची धूळ बोटाने पुसली आणि गेल्या.

बाबा तेवढे राहिले. रिकाम्या खोलीत त्यांनी एक खुर्ची लॅपटॉपसमोर ओढून घेतली.

"सॉरी बाबा," मधुवंती म्हणाली.

"कशाबद्दल?"

पाकिटाबद्दल की जूनबद्दल.

"रविवारी तसंही कोण आलं असतं?" ते म्हणाले. "तुझी आई असती तर आली असती." मग फाइलचा रबर उगाच ओढून सोडला. "उघडलंस का ते?"

"नाही."

"उघड की."

"आता काय उपयोग? मोजणार नाहीत."

"मोजायचं नाहीये. नुसतं दे."

तिने वरुणकडे पाहिलं. वरुणने ड्रॉवरमधून काळं पेन काढून तिच्यापुढे ठेवलं आणि या वेळी मान हलवली नाही. सुलेखाताईंनी कलशावर नारळ ठेवला आणि हात जोडायच्या आधी इकडे वळून उभ्या राहिल्या.

मधुवंतीने पाकिटाची कड फाडली. आतला कागद कोरडा होता. घडीवर थोडी माती होती, ती तिने फुंकरीने उडवली. वरची मोठी मोठी नावं तिने ओलांडली आणि अगदी खाली, पानाच्या तळाशी, ग्रंथालय मंडळापाशी आली. दोन नावं. दुसऱ्या नावाचं स्पेलिंग बरोबर होतं. तिने त्याच्यापुढचा गोल भरला आणि कागद कॅमेऱ्यापुढे धरला.

बाबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पुढे वाकले.

"पूर्ण भरलास ना?" ते म्हणाले. "डावीकडे पांढरं दिसतंय. अर्धवट असला तर धरत नाहीत."

तिने कागद पुन्हा टेबलावर ठेवला आणि डावीकडची कड भरून काढली.